मनकर्णाबाईची लाथ

मनकर्णाबाईला जगात एकाच गोष्टीची शिसारी होती, आणि ती म्हणजे माणसाची पाठ. सापाचं तिला भय नव्हतं, पालीचं काही वाटत नव्हतं. पण पहाटे ओट्यावर कोणी पालथा पडला आणि त्यानं बंडी वर सरकवली, की तिच्या पोटातून मळमळ उठायची.

कारण एवढंच, की ती पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय आले आणि मागून डोकं. पायाळू माणसानं कमरेत लाथ मारली की भरलेली उसण उतरते, हे साखरखेर्ड्यात लहान पोरालाही ठाऊक. लाथ घ्यायची ती पारोशानं. अंघोळ नाही, चूळ नाही, अंथरुणातून उठून थेट. म्हणजे रात्रभराच्या घामानं चिकट झालेली पाठ. कोणाच्या पाठीवर घामोळ्या, कोणाच्या पाठीवर आदल्या दिवशी चोळलेलं करडीचं तेल, कोणाच्या अंगाला गोठ्याचा दर्प. आणि पायाळूनं नाही म्हणायचं नसतं, असाही रिवाज. नाही म्हटलं तर ते दुखणं तिच्याच कमरेत उतरतं म्हणे. मग काय, लुगड्याचा काठ आवळून मनकर्णाबाई डोळे मिटायची, 'रामकृष्णहरी' म्हणायची, पाय लावायची आणि न्हाणीकडे धूम ठोकायची. वजरीनं टाच घासघासून लाल करायची. तरी तो ओलसर स्पर्श दुपारपर्यंत पायाला चिकटून राही. तुळशीपुढं उभं राहायलासुद्धा तिला लाजल्यासारखं होई.

तिला आपले पाय हवे होते कीर्तनाला जायला. कोणत्याही गावात महाराज उभे राहणार म्हटलं की ही बाई भाकरी फडक्यात बांधून कोसभर चालत जाणार. मृदंगावर थाप पडली की हिच्या अंगावर काटा. विधवा होऊन माहेरी आली त्याला काळ लोटला होता. भाऊ पंजाबराव मोठा शेतकरी, गावात शब्दाला वजन. त्याच्या घराला लागूनच तिची खोली होती, आणि कीर्तनात ऐकलेली आख्यानं तिनं भावाच्या पोरांना त्याच खोलीत घास भरवता भरवता सांगितली होती.

त्यातला थोरला इंद्रभान तिच्या फार जिवाचा. महाराष्ट्राचं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि गावातून पुण्याला इंजिनेरीला गेलेला हा पहिलाच. तिथं जाऊन पोरगा काय करतो, तर होडी वल्हवतो! आठ पोरं, आठ वल्ही, वाल पापडीच्या शेंगेसारखी लांब निमुळती होडी, आणि नदीत शर्यती. पंजाबरावानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला होता.

"इंजिनेर व्हाले धाडलं अन् हा नावाडी झाला का बे?"

पण मग पेपरात फोटो आला. आठ पोरांत तिसरा इंद्रभान. पंजाबरावानं फोटो काचेत बसवला, बैठकीत टांगला, आणि बाजाराच्या दिवशी ओळखीच्याला आणि अनोळख्यालाही हाताला धरून दाखवू लागला. "आता सुटी संपली का कलकत्त्याच्या पोरायसंगं हाये शर्यत. कलकत्ता! मजाक नाही."

आणि नाताळच्या सुटीत इंद्रभान घरी आला तो कमरेवर हात ठेवून, वाकडा.

"काय झालं रे?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"कंबर धरली आत्या. दीड महिना झाला. होडीत पुढं वाकून वल्हं ओढलं, का खालून अशी सुई घुसते."

मनकर्णाबाई धास्तावली. पोराच्या दुखण्यानं तर धास्तावलीच, पण खरं म्हणजे मागून पंजाबराव काय बोलणार हे तिला कळलं होतं म्हणून.

"हात्तिच्या! घरात दवाखाना असून पुण्यात कुथत बसला? मनकर्णे, उद्या पहाटे पाय लाव याच्या कमरेले."

"दादा, याले तिथल्या डाक्टरानं काही सांगतलं असीन ना?"

"सांगतलं आहे," इंद्रभान म्हणाला. "कसरत दिली आहे. लष्करातले जुने डॉक्टर आहेत. या सुटीत रोज करायची आणि होडीला हात लावायचा नाही, म्हणाले."

त्या कसरतीचा तमाशा त्याच दिवशी झाला. इंद्रभानानं माजघरात सतरंजी टाकली. उताणा पडला, गुडघे उभे केले आणि कंबर जमिनीला दाबू लागला. मग कंबर वर उचलून धरली. इथवर वहिनी, झुंबरबाई, नुसती तोंडाला पदर लावून पाहत होती. पण पोरगा जेव्हा रांगत्या लेकरासारखा हातापायांवर आला, उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं लांब ताणून थरथरत राहिला, तेव्हा ती किंचाळलीच.

"अवो, इकडं या! पोट्टं पाहा कसं करून राह्यलं!"

पंजाबराव आला. पाहिलं आणि त्याचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं.

"कुत्रं खांबापाशी पाय वर करते तसं! हे शिकाले पुण्याले पैसे धाडतो मी? लाव ते दार, कोणी पाह्यलं तं पोरगी द्याचे नाही लोक."

मनकर्णाबाईलाही ते बघवलं नाही. धट्टाकट्टा पोर, आणि जनावरासारखा चार पायांवर! ती मान फिरवून बाहेर गेली. पण लेकराच्या जिवाखातर दुपारी पुन्हा आत आली आणि दार लोटून बसली.

"यानं काय होते रे?"

"आत्या, मोटेचा नाडा पाह्यला ना तू? बैल दांडगे आहेत, मोट भरलेली आहे. पण नाडा मधीच विरला असंल तर?"

"तुटते."

"होडीत पाय रेटा देतात, हात वल्हं ओढतात. मधला नाडा म्हणजे हे." त्यानं पोटावर आणि कमरेवर हात फिरवला. "आम्ही हात-पाय कमावले, छाती कमावली. मधलं सगळं ढिलंच राह्यलं. मग सगळा हिसका कमरेच्या मणक्यावर. म्हणून पोट आत आवळून धरायचं अन् श्वास चालू ठेवायचा. मधलं हलू न देता हात-पाय हलवायचे. हळूहळू होते. लाथेनं नाही होत."

"मंग बापाले सांग."

"तू सांग ना."

पंजाबरावाला सांगणं म्हणजे पावसाला सांगणं.

पहाटे पंजाबरावानं पोराला ओट्यावर पालथं घातलं. बातमी कशी पसरली देव जाणे, पण तिन्हीसांजेला मंदिरात जमावी तशी माणसं जमली होती. शेजारचा शेषराव पुढंच उकिडवा बसलेला. तोंडात लिंबाची काडी, ती चावून चावून तो भिंतीच्या कडेला पचापच थुंकत होता. दरवर्षी पेरणीनंतर लाथ खाणारं हे जुनं गिऱ्हाईक. बाया कुजबुजत होत्या, पोरं ओट्यावर चढत होती. पुण्याचा इंजिनेर लाथ खाणार, ही काय रोजची गोष्ट होती?

मनकर्णाबाईनं डोळे मिटले आणि पाय नुसता टेकवला. फूल ठेवावं तसा.

"ही काय लाथ हाये?" पंजाबराव ओरडला. "अशानं कोंबडी बी उठाची नाही. भाचा-पुतण्या पाहू नको, चांगली हाण!"

"हाण आत्याबाई!" शेषराव काडी दातात धरून हसला. "पुण्याचं दुखणं हाये, जोरात लागते त्याले!"

सगळे खिदळले. शेषरावाच्या थुंकीचा एक शिंतोडा मनकर्णाबाईच्या पायाजवळ पडला. तो लिंबाचा कडवट वास, पारोशी तोंडं, हसण्यातून दिसणारे पिवळे दात, आणि खाली आपल्या हातानं भरवलेलं लेकरू पाठ उघडी टाकून पडलेलं. तिला या सगळ्यांचा असा किळस आला, की एकदाचं हे संपू दे म्हणून तिनं टाच उचलली आणि हाणली.

टाचेखाली काहीतरी उसळलं. इंद्रभानाच्या तोंडून आवाज निघाला नाही, नुसता श्वास आत गेला आणि तिथंच अडकला. त्याची बोटं ओट्याच्या फटीत रुतली.

"लागली!" पंजाबरावानं मांडीवर थाप मारली. "लागली की नाही? सांग बे!"

इंद्रभान कोपरावर उठला. चेहरा पिठासारखा पांढरा. त्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग त्या घोळक्याकडे, आणि शेवटी आत्याकडे.

"बरं वाटलं," तो म्हणाला. "उतरली कळ."

लोकांनी 'बोला पुंडलिक वरदा' केलं. मनकर्णाबाई न्हाणीत गेली आणि तिला ओकारी झाली.

पोरगं खोटं बोललं होतं. का बोललं, तेही तिला कळलं. दुसरी लाथ नको होती, आणि चारचौघांत आत्याची मान खाली जायला नको होती. त्या दिवसापासून तो भिंतीला धरून उठत होता. खाली पडलेला पंचा पायाच्या बोटांनी उचलत होता. आणि बाप? बाप गावभर सांगत सुटला. "एका लाथेत! पुण्याचे डाक्टर दीड महिना मारामार करून राह्यले होते." कसरत बंद करायला लावली. गावातला सप्ताह संपतो त्या काल्याच्या दिवशी दुपारच्या गाडीनं देऊळगाव राजाला जायचं, तिथून जालना, आणि पुणे गाठायचं. गेल्या गेल्या होडीत बसायचं. कलकत्ता हरलाच पाहिजे.

"जाशीन तू?" मनकर्णाबाईनं त्याला एकांतात विचारलं.

"न जाऊन काय करू? आता दुखते कसं म्हणू? गेलो नाही तर माझी जागा दुसऱ्याला देतील. अन् गेलो तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "डॉक्टर म्हणाले होते, या अवस्थेत जोर लावला तर पायातलीही ताकद जाईल."



इकडे ओट्यावर रोज पहाटे पाठींची रांग. मेहकरकडून कोणी, दुसरबीडकडून कोणी. एकानं तर बैलगाडीतून आईला पालथीच झोपवून आणलं. बाया तिच्या पायांवर हळदकुंकू वाहू लागल्या. विधवेच्या पायांवर! ज्या बाया सणाला तिला बाजूला बसवत, त्याच आता टाचेला डोकं लावत होत्या. मनकर्णाबाईला आपल्याच पायांची घाण वाटू लागली. रात्री पांघरुणात ती एक पाय दुसऱ्याला लागू देत नसे.

सप्ताह चालू होता, हाच काय तो आधार. पुंजाजी महाराज यंदा सातही दिवस होते. किडकिडीत अंगाचा म्हातारा, पण वीणा गळ्यात पडली की आवाज असा निघायचा की मंडपाच्या बाहेरची गुरंसुद्धा रवंथ थांबवतील. हसवता हसवता रडवायचे. मनकर्णाबाई पहिल्या रांगेत बसून डोळे भरून ऐकायची. पण त्या आठवड्यात तिचे डोळे वेगळ्याच कारणानं भरत होते.

काल्याच्या सकाळी कीर्तन झालं, दहीलाह्या वाटल्या, आणि माणसं ओळीनं महाराजांच्या पाया पडू लागली. पंजाबराव इंद्रभानाला घेऊन आला. पोराची ट्रंक मंडपाच्या दाराशी ठेवलेली होती.

महाराज हसून म्हणाले, "हाच का तो होडीवाला? आणि बाई कुठं आहेत?" मनकर्णाबाई पुढं आली, पदर सावरून. महाराजांनी आवाज खाली केला. "बाई, सात दिवस उभं राहून माझीही कंबर भरली बघा. तुमच्या पायाची कीर्ती ऐकली. पारोसा नाही मी आता, पण जायच्या आधी जरा पाय लावाल का?"

"ती लावीन ना महाराज!" उत्तर पंजाबरावानंच दिलं. "ए, घोंगडी आणा रे! महाराजांची मोठी कृपा. आमच्या घराण्याचा पाय महाराजांच्या पाठीवर!"

घोंगडी आलीसुद्धा. महाराज पागोटं काढून खाली बसू लागले. मनकर्णाबाईच्या कानात झांजा वाजू लागल्या. ज्यांच्या चरणांची धूळ ती कपाळाला लावायची, त्यांच्या पाठीवर हिनं टाच ठेवायची? आणि शेषराव तोंड वासून पुढं सरकलेला, लाथ नीट दिसावी म्हणून.

"थांबा," पंजाबराव म्हणाला, "पोराची गाडी चुकंन. तू अगोदर पाया पड अन् निघ."

इंद्रभानानं गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवून हळूहळू खाली बसायला लागला.

"हे काय नवरीसारखं? नीट वाक!" पंजाबरावानं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबलं.

पोरगं अर्ध्यात अडकलं. ना खाली, ना वर. कपाळावरून घाम ठिबकला, आणि मग त्याच्या घशातून असं कण्हणं निघालं की टाळ आवरणारे टाळकरी थांबले.

"दादा, हात काढ त्याच्या मानेवरून."

"मनकर्णे, तू..."

"हात काढ म्हणते ना!" तिनंच तो हात झटकला. "ते बरं झालं नाही. ते खोटं बोललं, माह्यासाठी. माह्या लाथेनं त्याचं दुखणं वाढलं. या पायात काही नाही, कधीच नव्हतं."

मग मागून एक म्हातारी बोलली, "पाहा माय, किती नम्र बाई!" आणि दोघी-तिघींनी हात जोडले. एकजण तर पाया पडायला वाकलीच.

"अगं दूर हो!" मनकर्णाबाई पाय ओढून मागं सरली. "शी! किती वेडे आहा तुम्ही!"

"पण आत्याबाई, माही कंबर तं दरसाल बरी होते ना?" शेषराव म्हणाला.

"होईन नाही तं काय! लाथ खाल्ली का चार दिवस बाजेवर लोळतो, बायकोकडून शेकून घेतो, वावरात पाय टाकत नाही. बैलाले चार दिवस सोडलं तं तो बी बरा होते!"

बाया फिस्सकन हसल्या. शेषराव इकडं तिकडं पाहू लागला. मनकर्णाबाई महाराजांकडे वळली आणि तिचा आवाज फुटला.

"महाराज, ज्या अंगातून हरीचं नाव निघते, त्या अंगावर मी पाय नाही ठेवणार. नाही म्हटलं तर दुखणं माह्या कमरेत उतरते म्हणतात. उतरू द्या. तुमचं उतरू द्या, याचं बी उतरू द्या."

महाराज घोंगडीवरून खांबाला धरून उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं.

"माझंच चुकलं बाई. सात दिवस लोकांना सांगतो की भलत्या ठिकाणी देव शोधू नका. आणि कंबर दुखली की मी लाथेत शोधला." त्यांनी इंद्रभानाच्या दंडाला धरून त्याला हळूच सरळ केलं. "नमस्कार उभ्यानं केलास तरी पोचतो रे. पंजाबराव, पोरगा जाणार नाही आज."

"महाराज, त्याची जागा जाईन!" पंजाबराव रडकुंडीला आला होता. "पेपरात फोटो येनार होता."

तो बापाचा रडवेला चेहरा पाहूनही मनकर्णाबाईला दया आली नाही. तिला त्या फोटोचीच शिसारी आली.

गाडी गेली. पंजाबराव ट्रंक उचलून घरी आला, ती त्यानं बहिणीच्या दारात आपटली. "ठेव तुह्याजवळ. माह्या घरात कुत्र्यावाणी रांगाचं नाही त्यानं. अन् तू बी तिकडं येजो नको." इंद्रभानानं पुण्याला तार केली. शर्यत दुसऱ्याच कोणी खेळली, कोण जिंकलं ते साखरखेर्ड्यात कोणी विचारलं नाही.

मनकर्णाबाईच्या खोलीत सतरंजी पडली. पहिले काही दिवस तर पोराला कंबर जमिनीला टेकवणंही जमेना. आपण दाबतो आहोत की नाही, हेच त्याला कळेना.

"आत्या, कमरेखाली हात घालशीन का? मी पोट आवळलं अन् तुह्या हातावर दाब आला, तर बरोबर."

ती जमिनीवर बसली आणि त्याच्या कमरेच्या पोकळीत हात सरकवला. पाठ घामानं ओली होती, सतरंजीचे दोरे तिला चिकटलेले. मळमळ उठलीच; सवय थोडीच अशी जाते? तिनं ती गिळली.

"आवळ."

"आवळलं."

"काहीच नाही आलं. पुन्हा."

बाहेर कोणीतरी कण्हत ओट्यावर चढलं. "मनकर्णाबाई, आहा का घरात? कंबर धरली वो, उठता येत नाही."

"इथं लाथ भेटत नाही!" ती आतूनच ओरडली. "अंघोळ करून ये अगोदर! मंग हा पोट्टा सांगंन काय कराचं ते."

बाहेरच्यानं काहीतरी पुटपुटत शिवी हासडली आणि पावलं उतरून गेली. आत इंद्रभानानं पुन्हा एकदा पोट आत ओढलं. बोटांवर हळूच, अगदी हळूच, भार आला.

"आला," मनकर्णाबाई म्हणाली. "आला रे. धरून ठेव."